पंचनादरावांचं विरजण

पंचनादराव सकाळी उठून पहिलं काम करतात ते उकिरड्याचा ताप बघायचं.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. अड्यारला आमचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागं, स्वयंपाकघराची भिंत आणि शेजारच्या फ्लॅटांचं कुंपण यांच्या मधल्या बोळात विटांचे हौद आहेत. लग्नामुंजीतली उष्टी केळीची पानं, भाज्यांची सालं, सुकलेले हार, सगळं त्यात जातं आणि त्याचं खत होतं. चालू हौदात एक लोखंडी सळई कायम खुपसलेली असते. पंचनादराव ती उपसतात, पंच्याला पुसतात आणि हळूच गालाला लावतात. डोळे मिटतात. मग म्हणतात, "ताप आहे. बरं आहे."

ताप आहे म्हटल्यावर ज्याचा जीव भांड्यात पडतो असा हा एकच माणूस मी पाहिला.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. बोळात धुकं होतं. चेन्नईत एवढं धुकं कुठून आलं म्हणून मी पुढं गेलो, तर ते हौदातून निघत होतं. त्या वाफेत एक उंच, उघडाबंब म्हातारा खाली वाकून उभा होता. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा. मला खरोखर वाटलं, खाली कुणीतरी निजलेलं आहे. त्यांनी मागं न बघता विचारलं, "कॉफी होली का?"

"झालं"ला ते "होलं" म्हणतात. पंचनादराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तिकडं गेले, आणि जाताना बरोबर नेलेली मराठी त्यांनी अजून जपून वापरली आहे. मधेमधे तमिळ ठिगळं आहेत, पण कापड जुनंच. नाव तिरुवैयारूच्या देवावरून ठेवलेलं. मी कराडचा. गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या हिशेबखात्यात इकडं आलो, कंपनी दुसरीकडं गेली आणि मी राहिलो. तंजावर मराठ्यांच्या एका ट्रस्टला कार्यालयासाठी मॅनेजर हवा होता, मराठी येणारा. मुलाखतीत त्यांची मराठी मला आणि माझी त्यांना फारशी उमगेना, म्हणून अखेर सगळे इंग्रजीत बोललो. नोकरी मिळाली.

मी कमी बोलतो. हा गुण आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पहिल्याच लग्नात माझी पंचनादरावांशी गाठ पडली ती पंगतीत. तिथं ते कागदोपत्री वाढप्यांचे मुकादम. मी पोटभर जेवलो, उठलो, हात धुवायला निघालो. मागून कुणीतरी मनगट धरलं.

"जाधवराव, जेवण अजून होयाचं आहे तुमचं."

मी म्हणालो, झालं की, भरपूर झालं. त्यांनी नुसतं माझ्या पानाकडं बोट दाखवलं. पान उघडंच होतं. आपल्याकडं उघडंच असतं. तमिळ मुलखात जेवल्यावर पान मिटतात, हे मी ऐकून होतो. ओशाळून मी वाकलो आणि मिटलं. समोरच्या एका आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. लग्नात पान आपल्या बाजूला मिटायचं, वरची बाजू खाली आणून. लोभ राहू दे, पुन्हा येऊ, असा त्याचा अर्थ. आपल्यापासून दूर, पलीकडं मिटतात ते तेराव्याच्या जेवणात. मी पलीकडं मिटलं होतं.

पंचनादरावांनी झटकन पान उलगडलं, नीट माझ्या बाजूला मिटलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं तमिळमध्ये सांगितलं, "वरच्या मुलखातले आहेत." जणू एवढ्यावर कुठलंही कोर्ट सोडून देईल.

त्या दिवसापासून मी त्यांना बघत राहिलो. पंगत उठली की ते टोकाशी उभे राहत. मुलं पानं गोळा करत येत, आणि हे एकेक पान बघत. चुकून पलीकडं मिटलेलं असलं तर सरळ करत. उघडं असलं तर स्वतः मिटत, मग हौदाकडं जाऊ देत. मी विचारलं, सगळं कुजायचंच आहे, मग मिटलेलं काय नि उघडं काय. त्यांना माझी कीव आली असावी.

"उघडं पान म्हणजे जेवण अर्धं. ते हौदात गेलं की बोलावत राहतं."

"कुणाला?"

"ज्याचं आहे त्यास. पान कुजलं तरी बोलावणं कुजत नाही."

हे सांगताना ते कानातला मळ काढत होते. त्यांच्या भीतिदायक गोष्टी नेहमी अशाच घरगुती आवाजात येतात.

कुंभकोणमकडच्या एका मामांची गोष्ट तर कार्यालयात सगळ्यांना पाठ आहे. मामांना पायसम दुसऱ्यांदा वाढलं गेलं नाही. रागाच्या भरात त्यांनी भर लग्नात पान पलीकडं मिटलं, जाणूनबुजून, आणि उठून गेले. पंचनादरावांनी ते पान सरळ केलं खरं, पण त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवसापासून ते मामांच्या घरी फोन करू लागले. तब्येत कशी आहे, विचारायचे. पहिले दोन-तीन दिवस घरच्यांना कौतुक वाटलं. मग सून घाबरली. फोन उचलला की इकडून एक खोल आवाज विचारी, "मामा आहेत का अजून?" आहेत म्हटलं की "सरि", म्हणजे बरं, असं म्हणून ठेवून देई. पुढं मामा गेले. चांगले ऐंशीच्या पुढचे होते आणि साखरेचा विकार होता, पण आता त्या घरातली माणसं लग्नाला आली की पंचनादरावांना दुरून हात जोडतात आणि त्यांच्या देखत, दोन्ही हातांनी, पान आपल्याकडं मिटतात.

शेजारच्या फ्लॅटवाल्यांचं मत आणखी पुढं गेलेलं. त्यांच्या मते हौदात पेय् आहे. पेय् म्हणजे भूत. त्याला पुरावा म्हणजे वाफ, आणि आवाज. आवाज मात्र खरंच येतो. ढीग मुरत असला की आतून बारीक चुरचुर येते, पुष्कळ माणसं एकदम, पण फार लांब कुठंतरी जेवत बसल्यासारखी. ढीग वर येतो, खचतो, पुन्हा भरला की वर येतो. जवळ उभं राहिलं की तोंडावर ऊब येते. मी शास्त्र शिकलेला माणूस, सूक्ष्मजीव वगैरे मला माहीत आहेत. पण त्या बोळातून एकटं जाताना मी उगाच खाकरत असे.

एक गोष्ट मला कळत नव्हती. उष्ट्याशी जन्म घालवणारा हा माणूस कुणालाही "टाकू नका" म्हणत नसे. ट्रस्टनं भोजनगृहात पाट्या लावल्या होत्या, पानात अन्न टाकू नये. पंचनादरावांनी त्या काढून चूल पेटवायला दिल्या. एखादा वाढपी कुरकुरला, की बघा पोरानं अख्खी पोळी टाकली, तर ते त्याला पंगतीतून घालवून देत. जेवणाऱ्याच्या पानाकडं बघून बोलायचं नाही, हा त्यांचा एकच कडक नियम. दुसरं सगळं ते चालवून घेत.

कारण त्यांनी मला एका रिकाम्या दुपारी सांगितलं. मुहूर्त नव्हता, भोजनगृहात आम्ही दोघंच होतो. त्यांना एक मुलगा होता, मुकुंद. शिक्षण सोडून घरी बसलेला. बायको आधीच गेली होती. चुलतभावाच्या लग्नात, ह्याच भोजनगृहात, मुकुंद पंगतीला बसला होता आणि हे वाढप्यांवर नजर ठेवत फिरत होते. मुकुंदच्या पानात भात उरलेला दिसला. हे थांबले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, कमवत तर नाहीस, निदान टाकू तरी नकोस.

"हसले अस्के," पंचनादराव म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. "मीपण हसलो."

मुकुंद उठला. पोळी तशीच होती. दहीभात तर अजून वाढायचाच होता, आणि इकडं दहीभातावाचून जेवण संपत नाही. त्यानं हात धुतला आणि फाटकातून बाहेर गेला. परत आला नाही. कुणी म्हणे विशाखापट्टणमला दिसला, कुणी म्हणे दुबईला. पंचनादरावांनी त्याचं पान कुणाला उचलू दिलं नाही. स्वतः नेलं, आणि उघडंच, न मिटता, हौदाच्या तळाशी ठेवलं. पोळी, भात, सगळ्यासकट.

"बोलावू दे," ते म्हणाले.

मी म्हणालो, ते तर कधीच खत होऊन गेलं असेल. तेव्हा त्यांनी मला हौदाची खरी रीत सांगितली. खत तयार झालं की लोकांना वाटून टाकायचं, पण सगळं नाही. करवंटीभर आधी बाजूला काढायचं आणि पुढच्या हौदाच्या तळाला घालायचं. दह्याला विरजण लावतात तसं. त्यातून पुढचं, त्यातून पुढचं. मुकुंदचं पान गेल्यापासून विरजण एकदाही तुटलेलं नव्हतं. म्हणजे ह्या घटकेला ढिगात जे मुरत होतं त्यात ते पान होतं, आणि म्हणून ती सळई, आणि म्हणून तो गाल.

"गेला म्हणतात लोक मला. मी म्हणतो, जेवण अजून होयाचं आहे."

हे वाक्य ते कशालाही लावत. लाइटबिल भरलं का, मांडव उतरला का, पाऊस थांबला का, सगळ्याला "अजून होयाचं आहे". मला ती लकब वाटायची. त्या दुपारनंतर ती लकब वाटेनाशी झाली.

एवढं सगळं मला माहीत होतं. पुढचं सांगायचं तर हे आधी कबूल करायला हवं.

ओल्या कचऱ्याचे नियम कडक झाले. हॉटेलं, मंडप, मोठी ऑफिसं, जिथं जिथं ढिगानं ओला कचरा होतो त्यांनी तो वेगळा करून आपल्याच आवारात जिरवायचा, नाहीतर दंड. कार्यालयाला नोटीस आली की तपासणी होणार. आता गंमत पाहा. कायदा जे करायला सांगत होता ते पंचनादराव कायद्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. पण आमच्या ट्रस्टच्या सेक्रेटरींना तो बोळ, ती वाफ आणि तो उघडा म्हातारा तपासणीला दाखवायची लाज वाटली. शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. त्यांनी एक यंत्र मागवलं. स्टीलचं, कपाटाएवढं, वरून कचरा टाका, दुसऱ्या दिवशी खालून भुकटी. आणि मला सांगितलं, पंचनादराव बायकोच्या श्राद्धासाठी पंधरा दिवस तिरुवैयारूला गेलेत तोवर ते हौद रिकामे करून धुवून घ्या.

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. एवढंच की करवंटीभर ठेवू द्या. सेक्रेटरी हसले असते आणि हो म्हणाले असते. मी "बरं" म्हणालो. एका म्हाताऱ्याची भुताटकी मी शिकलेल्या माणसापुढं कशी मांडू, असं मला वाटलं. आणि करवंटी गुपचूप भरून ठेवायला कुणाची परवानगीही लागत नव्हती. तेही मी केलं नाही, कारण कंत्राटदाराची माणसं बघत होती. लॉरी आली, त्यांनी हौद खरवडून नेले. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं. फोनवर कुणी नव्हतं.

तपासणीला महापालिकेच्या एक तरुण बाई आल्या, हेल्मेट काखेत मारून. यंत्राभोवती एक चक्कर मारली, झाकण उघडलं, बंद केलं. मग सेक्रेटरींना विचारलं, तुमच्याकडं एक जुना चालू हौद आहे ना, मी खास तो बघायला आले. इतरांना दाखवायला तसा एक हवा होता. सेक्रेटरींनी माझ्याकडं बघितलं. मी हौदांकडं बघितलं. धुतलेल्या विटा कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. बाईंना बहुधा प्रकार कळला. हौद पुन्हा सुरू करा, मी परत येईन, एवढं बोलून त्या गेल्या. यंत्रात आता झाडू ठेवतात. पंचनादरावांनी नंतर त्याची परीक्षा एका वाक्यात केली: "हे शिजवतं, मुरवत नाही."

मी नर्सरीतून खताची पोती आणली. तळाला ती ओतली, वर आदल्या लग्नाची पानं. सळई खुपसली. दुसऱ्या दिवशी कुणी नाही बघून उपसली आणि गालाला लावली. गार होती. त्याच्या पुढच्या दिवशीही गार. लोखंड गार असणारच, पण हा गारठा माझ्या ओळखीचा होता. कराडला वडिलांच्या कपाळाला शेवटचा हात लावला तेव्हाचा. बोळात चुरचुर नव्हती. मला खाकरायचीही गरज वाटली नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मी कंत्राटदाराकडं चौकशी केली. माल एन्नोरच्या बाजूला एका मोकळ्या जागेत टाकतात, म्हणाला. मी सळई गोणपाटात गुंडाळली आणि बसनं एन्नोरला गेलो. वीजकेंद्राच्या चिमण्या, राखेनं करडी झालेली झाडं, खाडीचं न हलणारं पाणी, आणि त्याच्या कडेला ढिगांमागून ढीग. सगळ्यांतून वाफ निघत होती. भरदुपारी, उन्हात. मी पहिल्या ढिगात सळई खुपसली, उपसली, गालाला लावली. गरम. पुढच्यात खुपसली. गरम. अर्धं आयुष्य हिशेबखात्यात घालवलेला माणूस उकिरड्याचे गाल चाचपत हिंडत होता. जाळं विणत बसलेल्या एका कोळ्यानं विचारलं, काय शोधताय सार. मी म्हणालो, आमचं काहीतरी चुकून इकडं आलंय. त्यानं विचारलं, सोनं का. मला हो म्हणणं सोपं गेलं. मग तोही जाळं टाकून काठीनं ढीग उकरू लागला, आणि आम्ही दोघं बराच वेळ, एकमेकांशी न बोलता, तिथं काहीतरी शोधत होतो.

सगळ्या ढिगांना ताप होता. आणि सगळ्यांतून तीच चुरचुर. इतकी माणसं जेवत बसलेली, आणि एकाचंही तोंड दिसत नाही. कुठला आपला, हे सांगायला पंचनादरावांचाच गाल हवा होता. अखेर एका ढिगातून मी पोतं भरलं. तोच का, याला उत्तर नाही. तिथं उभं असताना मला वाटलं की पाठीमागून कुणीतरी "बसा की" म्हणालं. वळून पाहिलं तर कोळी केव्हाच निघून गेला होता.

ते पोतं मी आमच्या हौदात कालवलं. पंचनादराव परत येईतो सळई गरम झाली होती.

ते आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी बोळात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. त्यांनी सळई गालाला लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. "ताप आहे," म्हणाले. मी पुढच्या शब्दांची वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं म्हणाले, "वास वेगळा आहे. समुद्राचा."

मी आतूनच म्हणालो, तिकडून वारं सुटलंय चार दिवस.

"सरि," ते म्हणाले.

त्यानंतर कितीतरी मुहूर्त आले आणि गेले. महापालिकेच्या बाई परत येऊन हौद बघून गेल्या, शोळिंगनल्लूरच्या आयटी ऑफिसांतल्या कँटीनवाल्यांना घेऊन आल्या. पंचनादराव त्यांना सळई दाखवत, आणि ती संगणकवाली तरुण मंडळी रांगेनं ती गालाला लावत. सगळे हसत. मी कधी लावली नाही. रोज सकाळी एक बाप कुणाच्या तरी परक्या उष्ट्याला मुलाचा ताप समजून गाल लावत होता, आणि हे ठाऊक असलेला जगात मी एकटा होतो. ते "बरं आहे" म्हणत तेव्हा मी हिशेबात डोकं घाली.

परवा त्यांनी मला बोळात बोलावलं. हल्ली त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. तयार झालेला हौद उपसायचा होता. त्यांनी करवंटीभर काळं, ओलसर खत काढलं आणि माझ्यापुढं धरलं. म्हणाले, माझा हात आता हौदाच्या तळाला पोचत नाही. आजपासून विरजण तुम्ही लावायचं. माझ्यामागंही. तुमास अस्कं माहीत आहे, दुसऱ्या कुणास मी सांगिटलेलं नाही.

माझा हात पुढं होईना. मग मी बोललो. लॉरी, फोनचं सोंग, नर्सरीची पोती, एन्नोर, सगळं. माझ्या आयुष्यात मी एकदम इतकं कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर बोळात फक्त ढिगाची चुरचुर राहिली. पंचनादराव करवंटीकडं बघत होते. त्यांनी ती खाली ठेवली नाही, एवढंच मला दिसत होतं.

"समुद्राचा वास आला होता," ते अखेर म्हणाले. "तुम्ही वारं म्हणालात."

मी मान खाली घातली.

"म्हणजे हे आमच्याकडचं नाही."

"नाही."

त्यांनी करवंटी नाकाशी नेली, मग गालाशी. वरच्या फ्लॅटात कुणीतरी बादली ठेवली, तेवढा आवाज झाला. मग ते म्हणाले, आणि आवाज तोच, कानातला मळ काढताना असतो तसा.

"तिथंही कुणाचं तरी उघडं पान गेलंच असेल की, जाधवराव. त्यालाच आपण इतके दिवस ऊब दिली." थोडं थांबून, "मग माझ्या पोराच्या पानास तिथं कुणीतरी देत असेल. हो का नाही?"

एन्नोरला त्या ढिगांना कुणी सळई लावत नाही. राख पडते आणि लॉऱ्या येतात. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि आज सगळं खरं सांगायचं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं. पण एका माणसानं तिथं भरदुपारी एकेका ढिगाला गाल लावला होता, हेही तितकंच खरं होतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी करवंटी माझ्या ओंजळीत उपडी केली. खत गरम होतं. निजलेल्या मुलाच्या पाठीसारखं. मी हौदात वाकलो आणि तळाला पसरलं. मागं ते "हळू, हळू" म्हणत होते, मला की त्याला, ते कळलं नाही.

त्या दिवशी एक छोटी मुंज होती. शेवटच्या पंगतीत मी बसलो. बाकी सगळं वाढून झालं, सांबार, रसम, पोळी, पायसम. इतक्या वर्षांत मला पान मिटायची सवय झाली आहे, न बघता, बरोबर आपल्या बाजूला. दहीभाताची बादली माझ्यापर्यंत यायच्या आधीच मी उठलो आणि पान तसंच उघडं ठेवलं. पंचनादराव पंगतीच्या टोकाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी माझं पान पाहिलं. मनगट धरायला आले नाहीत. मुलगा पान उचलायला वाकला तेव्हा ते त्याला म्हणाले, ते मिटू नको, तसंच ने.

फाटकाशी वॉचमननं रोजच्यासारखं विचारलं, जेवण झालं का सार.

अजून व्हायचंय, मी म्हणालो.